वर्गणीवर चाललेले राष्ट्र : राज्यघटनेपूर्वीची अमेरिका (१७७४ ते १७८९)

अमेरिकेने स्वातंत्र्याचा जाहीरनामा स्वीकारला ४ जुलै १७७६ रोजी आणि जॉर्ज वॉशिंग्टन यांनी पहिले राष्ट्राध्यक्ष म्हणून शपथ घेतली ३० एप्रिल १७८९ रोजी. शाळेत या दोन तारखा आपण एका दमात पाठ करतो. पण त्यांच्यामध्ये जवळजवळ तेरा वर्षांचे अंतर आहे. या तेरा वर्षांत त्या देशाने एक मोठे युद्ध निभावले, फ्रान्सशी मैत्री केली, ब्रिटनशी तह केला, परदेशांतून कर्ज उभारले, टपाल चालवले आणि पश्चिमेकडील जमिनीची मोजणी आरंभली. हे सारे केले कोणी? त्या वेळी राष्ट्राध्यक्ष नव्हता, मंत्रिमंडळ नव्हते, सर्वोच्च न्यायालय नव्हते आणि नागरिकावर कर बसवू शकेल अशी एकही केंद्रीय यंत्रणा नव्हती.

आयुष्याची बरीच वर्षे शासकीय नस्त्यांच्या सहवासात घालवलेल्या माझ्यासारख्या माणसाला या प्रश्नाचे विशेष आकर्षण वाटते. अमेरिकी राज्यघटनेविषयी आपण पुष्कळ वाचतो. तिच्या आधीच्या राजवटीची बोळवण मात्र ‘केंद्र दुबळे होते, म्हणून नवी घटना आली’ अशा एका वाक्यात केली जाते. हे वाक्य चूक नाही, पण अपुरे आहे. दुबळे म्हणजे नेमके कशात दुबळे? कोणती कामे अडली, कोणती अडली नाहीत, आणि या दोहोंत फरक कशामुळे पडला? प्रशासनाच्या अभ्यासकाला उपयोगी पडणारे उत्तर या तपशिलात आहे, म्हणून आज त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो.

वकिलांची सभा

५ सप्टेंबर १७७४ रोजी फिलाडेल्फियातील कार्पेंटर्स हॉलमध्ये बारा वसाहतींचे प्रतिनिधी जमले. जॉर्जियाने कोणासही पाठवले नव्हते. हीच पहिली कॉन्टिनेंटल काँग्रेस. ‘काँग्रेस’ या शब्दाचा त्या काळचा अर्थ निरनिराळ्या सत्तांच्या वकिलांची बैठक असा होता. वकील हा शब्द मी येथे पेशवे दरबारातल्या अर्थाने वापरतो आहे, न्यायालयातल्या नव्हे. आपल्या धन्याची सनद घेऊन यायचे, त्याच्या सूचनेबरहुकूम बोलायचे आणि अवघड प्रसंगी ‘विचारून सांगतो’ म्हणायचे, ही वकिलाची रीत. काँग्रेसचे सभासद पुढची पंधरा वर्षे थोड्याफार फरकाने याच रीतीने वागले.

पहिलाच वाद मतांचा निघाला. मोठ्या वसाहतींना आपल्या आकारमानाप्रमाणे मते हवी होती, लहानांना समान हवी होती. प्रत्येक वसाहतीचे बळ ठरवण्यासाठी लागणारी विश्वसनीय माहिती हाताशी नसल्यामुळे तूर्त प्रत्येकीला एक मत असे ठरले. तात्पुरती म्हणून केलेली सोय पुढे नियम होऊन बसते, हा कचेऱ्यांतला नेहमीचा अनुभव आहे. येथेही ही व्यवस्था शेवटपर्यंत टिकली.

दुसरी काँग्रेस १० मे १७७५ रोजी बसली तेव्हा मॅसॅच्युसेट्समध्ये लढाई सुरू होऊन गेली होती. त्यामुळे या वकिलांच्या सभेवर राज्यकारभार येऊन कोसळला. १४ जूनला सैन्य उभारण्याचा ठराव झाला, १५ जूनला वॉशिंग्टन सेनापती नेमले गेले, २२ जूनला वीस लाख डॉलरच्या कागदी नोटा काढण्याचे ठरले आणि २६ जुलैला बेंजामिन फ्रँकलिन टपाल खात्याचे प्रमुख झाले. सहा आठवड्यांत सैन्य, चलन आणि टपाल! हे करण्याचा अधिकार काँग्रेसला कोणत्या लेखी कायद्याने मिळाला होता, असे विचारले तर उत्तर ‘कोणत्याही नाही’ असेच द्यावे लागेल. गरज होती, लोकांनी मान्य केले, म्हणून ते चालले.

कार्यकारी प्रमुख नेमायचा नाही, याबद्दल मात्र सर्वांचे एकमत होते. ज्या राजाविरुद्ध शस्त्र उचलले त्याचीच प्रतिकृती घरात कोण बसवणार? म्हणून सारा कारभार समित्यांकडे गेला. आरमाराची समिती, गुप्त पत्रव्यवहाराची समिती, हिशेबाची समिती. अशा समित्यांची संख्या वाढतच गेली. जून १७७६ मध्ये युद्धमंडळ स्थापन झाले आणि जॉन अ‍ॅडम्स त्याचे अध्यक्ष झाले. स्वातंत्र्याच्या ठरावासाठी सभागृहात भांडणारा हाच माणूस सभा संपल्यावर दारूगोळ्याच्या मागण्या आणि अधिकाऱ्यांच्या बढत्या यांचे कागद चाळीत असे. धोरण ठरवणारे आणि खिळे मोजणारे हात एकच असले की दोन्ही कामे रखडतात. तसेच झाले.

या साऱ्या धावपळीत एकच गोष्ट स्थिर राहिली, ती म्हणजे सचिवाची खुर्ची. आयर्लंडमध्ये जन्मलेले आणि एके काळी शिक्षकी केलेले चार्ल्स थॉमसन १७७४ च्या पहिल्या बैठकीपासून १७८९ पर्यंत काँग्रेसचे सचिव होते. या काळात चौदा निरनिराळे गृहस्थ अध्यक्षपदी येऊन गेले. शत्रूच्या आणि पुढे स्वतःच्याच सैनिकांच्या भयाने काँग्रेसला फिलाडेल्फिया सोडावे लागले; बाल्टिमोर, लँकेस्टर, यॉर्क, प्रिन्सटन, अ‍ॅनापोलिस, ट्रेंटन आणि न्यूयॉर्क अशी तिची भटकंती झाली. लँकेस्टरला तर ती एकच दिवस बसली. या फिरस्त्या सरकारचे इतिवृत्त सलग राहिले त्याचे श्रेय थॉमसन यांच्या कार्यालयाला आहे. अमेरिकेच्या राजमुद्रेचा १७८२ मध्ये मंजूर झालेला आराखडाही त्यांनीच सिद्ध केला होता.

छापखाना, धान्य आणि मागणीपत्रे

पहिल्या वर्षांत काँग्रेसकडे पैसा उभा करण्याचे एकच हुकमी साधन होते, ते म्हणजे छापखाना. नोटा काँग्रेसने छापायच्या आणि पुढे राज्यांनी कर बसवून त्या परत घ्यायच्या, अशी योजना होती. छापण्याचे काम बिनचूक पार पडले. परत घेण्याचे काम राज्यांकडे होते, ते झाले नाही. सप्टेंबर १७७९ मध्ये एकूण नोटांना वीस कोटी डॉलरची मर्यादा घालण्याची वेळ आली. मार्च १७८० मध्ये काँग्रेसने स्वतःच चाळीस कागदी डॉलर म्हणजे एक चांदीचा डॉलर असा दर मान्य केला. एखादी वस्तू ‘कॉन्टिनेंटलच्या किमतीचीही नाही’ असे म्हणण्याची रूढी तेव्हापासून इंग्रजीत पडली.

मग पैशाऐवजी वस्तू मागण्याचा प्रयोग झाला. प्रत्येक राज्याने इतके मांस, इतके पीठ, इतकी रम द्यावी, असे कोष्टक १७८० मध्ये तयार करण्यात आले. मालाची वाहतूक कोणी आणि कोणत्या पैशाने करायची, हे मात्र नीट ठरले नव्हते. माल एकीकडे आणि उपाशी पलटण दुसरीकडे, असे चित्र दिसू लागले.

दरम्यान या कारभाराला लेखी पाया देण्याचे काम चालू होते. जॉन डिकिन्सन यांनी तयार केलेला पहिला मसुदा जुलै १७७६ मध्ये सादर झाला. पुष्कळ कापाकापीनंतर काँग्रेसने १५ नोव्हेंबर १७७७ रोजी ‘आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन’ स्वीकारली. आपण त्यांना परिसंघाची कलमे म्हणू. ती अमलात यायला सर्व तेरा राज्यांची संमती हवी होती. पश्चिमेकडील अफाट जमिनीवर हक्क सांगणाऱ्या व्हर्जिनियासारख्या राज्यांनी तो सोडल्याखेरीज सही करणार नाही, असे मेरीलँडने ठणकावले. व्हर्जिनियाने हक्क सोडण्याची तयारी दाखवल्यावर अखेर १ मार्च १७८१ रोजी कलमे लागू झाली. म्हणजे युद्धाची मुख्य वर्षे देशाने कोणत्याही मंजूर संविधानाशिवाय काढली.

ही तेरा कलमे कोणत्याही प्रशासकाने एकदा वाचावीत अशी आहेत. युद्ध आणि तह, परराष्ट्र व्यवहार, टपाल, वजनेमापे, राज्याराज्यांतील तंटे, असे बरेच अधिकार त्यांनी काँग्रेसला दिले. पण महत्त्वाच्या प्रश्नांवर तेरापैकी नऊ राज्यांची मते हवीत आणि कलमांत दुरुस्ती करायची तर तेराही राज्यांची संमती हवी. कोणी सहा वर्षांत तीनहून अधिक वर्षे प्रतिनिधी राहू शकत नसे. कामाची माहिती होते न होते तोच माणूस घरी जाई. खर्चाविषयीचे आठवे कलम सर्वांत बोलके आहे. खर्च सामाईक तिजोरीतून व्हावा. तिजोरी राज्यांनी आपापल्या जमिनीच्या मूल्याच्या प्रमाणात भरावी. त्यासाठीचा कर राज्यांच्या विधिमंडळांनी बसवावा. एखाद्या राज्याने तो बसवला नाही तर काय करावे, याविषयी एक अक्षरही नाही.

परगावी महाराष्ट्र मंडळ चालवलेल्या वाचकांना याचा अर्थ निराळा समजावून सांगण्याची गरज नाही. गणेशोत्सव दणक्यात करायचा हा ठराव टाळ्यांच्या गजरात संमत होतो. वर्गणीची पावतीपुस्तके फिरू लागली की खरी परीक्षा सुरू होते. फरक इतकाच की या मंडळाला ब्रिटनसारख्या साम्राज्याशी युद्ध करायचे होते.

१७८१ मध्ये समित्यांचा कंटाळा येऊन काँग्रेसने परराष्ट्र, युद्ध आणि अर्थ ही खाती एकेका माणसाकडे सोपवली. अर्थखात्यावर फिलाडेल्फियाचे व्यापारी रॉबर्ट मॉरिस आले. त्यांनी पुरवठ्याचे ठेके लिलावाने देण्याची पद्धत आणली, बँक ऑफ नॉर्थ अमेरिका उभी केली, वेळप्रसंगी स्वतःच्या सहीच्या हुंड्या चलनात आणल्या. या सरकारात कर्तबगार माणसांची वाण होती असे कोणी म्हणू नये. १७८२ सालासाठी राज्यांकडे ऐंशी लाख डॉलर मागण्यात आले. वर्ष संपेपर्यंत पाच लाखही हाती आले नाहीत. प्रत्येक राज्यात मॉरिस यांनी वसुली स्वीकारणारा एकेक अधिकारी नेमला होता. राज्याकडून किती रक्कम आली ते त्याने वृत्तपत्रात छापावे, अशी त्याला ताकीद होती. काही राज्यांच्या नावापुढे छापण्यासारखे काहीच नसे. थकबाकीदारांची यादी चावडीवर लावण्याचाच हा प्रकार होता, आणि लाज वाटावी यापलीकडे त्या यादीत दुसरे बळ नव्हते.

ऑक्टोबर १७८१ मध्ये यॉर्कटाउनला ब्रिटिश सैन्य शरण आले. ही वार्ता घेऊन दूत फिलाडेल्फियात पोहोचला तेव्हा त्याच्या खर्चापुरते रोख नाणे तिजोरीत नव्हते. सभासदांनी प्रत्येकी एक डॉलर स्वतःच्या खिशातून दिला, असे त्यांच्यापैकी एक असलेल्या एलायस बूडिनॉट यांनी लिहून ठेवले आहे. युद्ध जिंकलेल्या सरकारच्या जमाखर्चाची अवस्था सांगायला एवढी एक नोंद पुरेशी आहे.

एका राज्याचा नकार

आयात मालावर पाच टक्के जकात बसवण्याचा अधिकार आपल्याला द्यावा, अशी विनंती काँग्रेसने फेब्रुवारी १७८१ मध्येच केली होती. ही दुरुस्ती असल्याने सर्वांची संमती आवश्यक होती. १७८२ च्या शरद ऋतूपर्यंत जवळजवळ सर्व राज्ये राजी झाली. नोव्हेंबरात ऱ्होड आयलंड या सर्वांत चिमुकल्या राज्याने नकार दिला आणि योजना कोसळली. पाठोपाठ व्हर्जिनियानेही आपली संमती मागे घेतली. १७८३ मध्ये अधिक सौम्य अटींसह तोच प्रस्ताव पुन्हा मांडला गेला. या खेपेस न्यूयॉर्क आडवे आले. त्याच्या बंदरातली जकात राज्याच्या खजिन्यात जात होती. ती सोडायची तर वसुलीवर ताबा आपलाच राहावा, असा त्याचा हट्ट होता. १७८७ पर्यंत हा घोळ चालला आणि प्रस्ताव बारगळला.

ऱ्होड आयलंडचे किंवा न्यूयॉर्कचे लोक वाईट होते असा निष्कर्ष मी काढणार नाही. आपल्या मतदारांना जबाबदार असलेल्या विधिमंडळाने आपला महसूल राखणे स्वाभाविकच आहे. दोष रचनेचा होता. ज्या रचनेत एकाच्या नकाराने बारांचा होकार निष्फळ ठरतो, तिथे नकाराची किंमत वाढत जाते आणि ती वसूल करण्याचा मोह कोणालाही होतो.

किंमत कोणी मोजली

या रिकाम्या तिजोरीची झळ प्रथम सैनिकांना लागली. १७८३ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या न्यूबर्गच्या छावणीत थकलेल्या पगारामुळे अधिकाऱ्यांत बंडाची भाषा सुरू झाली. १५ मार्चला वॉशिंग्टन स्वतः त्यांच्या सभेत गेले आणि प्रकरण शांत झाले. एका माणसाच्या नैतिक वजनावर तरलेली ती वेळ होती. असे वजन हा यंत्रणेला पर्याय नव्हे.

काही महिन्यांत सैन्याला घरी पाठवण्यात आले. पगारापोटी तीन महिन्यांच्या रकमेच्या हुंड्या मॉरिस यांनी सह्या करून दिल्या. अनेक सैनिकांच्या हाती त्या पडण्यापूर्वीच त्यांना वाट धरावी लागली. उरलेल्या थकबाकीबद्दल त्यांना प्रमाणपत्रे मिळाली. प्रमाणपत्राने चूल पेटत नाही. घरी पोहोचलेल्या कित्येकांनी ती दर्शनी किमतीच्या अल्पांशाला सावकार-सट्टेबाजांना विकली. १७९० मध्ये नव्या सरकारने ही देणी पुऱ्या किमतीने मान्य केली तेव्हा लाभ झाला तो कागद ज्याच्या हाती होता त्याला. मूळ धारकांनाही काही वाटा मिळावा, ही जेम्स मॅडिसन यांची सूचना फेटाळली गेली.

२१ जून १७८३ रोजी पेनसिल्व्हेनियाच्या सुमारे चारशे सैनिकांनी पगारासाठी फिलाडेल्फियातील स्टेट हाऊसला वेढा दिला. काँग्रेसजवळ स्वतःचे रक्षक नव्हते. तिने राज्याच्या कार्यकारी मंडळाकडे नागरी सेना बोलावण्याची विनंती केली. त्या मंडळाचे अध्यक्ष कोण होते? जॉन डिकिन्सन, परिसंघाच्या कलमांचा पहिला मसुदा लिहिणारे. आपली सेना सैनिकांवर शस्त्र उचलेल याची खात्री नसल्याने त्यांच्या मंडळाने ती बोलावण्यास नकार दिला. काँग्रेस राजधानी सोडून प्रिन्सटनला निघून गेली. राष्ट्राच्या सर्वोच्च सभेला आपल्याच इमारतीच्या दारात सुरक्षित उभे राहायचे तरी राज्याची परवानगी लागत होती, हे त्या दिवशी सर्वांना दिसले.

सभासदच येईनात

युद्ध संपले आणि काँग्रेसविषयीची आस्थाही ओसरली. ब्रिटनशी तह ३ सप्टेंबर १७८३ रोजी पॅरिसमध्ये झाला. सहा महिन्यांच्या आत दोन्ही बाजूंच्या मंजुऱ्यांची अदलाबदल व्हायची होती आणि आपल्या मंजुरीसाठी काँग्रेसला नऊ राज्ये हवी होती. अ‍ॅनापोलिसच्या कडाक्याच्या हिवाळ्यात सातच राज्यांचे पुरेसे प्रतिनिधी हजर. सातांवर भागवावे अशी सूचना पुढे आली. थॉमस जेफरसन यांनी तिला विरोध केला. आजारपण आणि बर्फ यांतून वाट काढीत उरलेले पोहोचले आणि १४ जानेवारी १७८४ रोजी मंजुरी मिळाली. अटलांटिक ओलांडायला जहाजाला उशीर झाला तो झालाच. मंजुऱ्यांची अदलाबदल मे महिन्यात झाली. ब्रिटनने त्याबद्दल खळखळ केली नाही, हे देशाचे नशीब.

त्याच उन्हाळ्यात सुट्टीच्या काळापुरता कारभार पाहण्यासाठी प्रत्येक राज्याचा एक सदस्य घेऊन ‘राज्यांची समिती’ बसवण्यात आली. ऑगस्टमध्ये गणपूर्तीअभावी ती विस्कटली आणि काही काळ देशाला केंद्रीय सरकार असे उरलेच नाही. नोव्हेंबर १७८५ मध्ये जॉन हँकॉक काँग्रेसचे अध्यक्ष निवडून आले; प्रकृतीच्या कारणाने ते एकदाही खुर्चीवर बसले नाहीत आणि पुढच्या वर्षी त्यांनी राजीनामा पाठवला. जून १७८४ मध्ये सैन्य ऐंशी माणसांवर आणले गेले होते, फोर्ट पिटला पंचवीस आणि वेस्ट पॉइंटला पंचावन्न, साठवलेल्या लष्करी मालाची राखण करण्यापुरते.

आणि तरीही जे झाले

येथपर्यंत वाचून हे सरकार म्हणजे निव्वळ फजिती होती असे वाटेल. ते खरे नाही. डिसेंबर १७८२ मध्ये पेनसिल्व्हेनिया आणि कनेक्टिकट यांच्यातील वायोमिंग खोऱ्याचा जुना तंटा परिसंघाच्या कलमांनुसार नेमलेल्या न्यायमंडळाने ट्रेंटन येथे निकाली काढला. निकाल पेनसिल्व्हेनियाच्या बाजूने लागला आणि त्या प्रदेशावरील सत्तेपुरता कनेक्टिकटने तो मानला. तेथील वसाहतकऱ्यांच्या जमिनींचा प्रश्न मात्र पुढेही धुमसत राहिला. टपाल खाते टपालाच्या उत्पन्नावर चालत राहिले.

सर्वांत मोठे काम झाले ते जमिनीचे. व्हर्जिनियाने १७८४ मध्ये ओहायो नदीच्या उत्तरेकडील आपले हक्क काँग्रेसच्या स्वाधीन केले. मॅसॅच्युसेट्स आणि कनेक्टिकटनेही मागोमाग तसेच केले. पहिल्यांदाच या सरकारच्या हाती स्वतःची म्हणावी अशी मालमत्ता आली, आणि त्याचे रूप पालटले. २० मे १७८५ च्या जमीन अध्यादेशाने सहा मैल लांब आणि सहा मैल रुंद अशा चौरस वस्त्या आखायचे ठरवले. प्रत्येक वस्तीचे ६४० एकरांचे ३६ भाग; सोळावा भाग सार्वजनिक शाळेसाठी राखीव; जमीन आधी मोजायची, मग किमान एकरी एक डॉलर दराने लिलावात विकायची. सरकारचे भूगोलतज्ज्ञ टॉमस हचिन्स यांनी त्याच वर्षी ओहायोच्या काठी साखळी टाकली. महसूल खात्यात काम केलेल्या कोणालाही या क्रमाचे मोल कळेल. आधी विक्री आणि मग मोजणी, असे झाले की तंट्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची सोय होते.

१३ जुलै १७८७ चा वायव्य अध्यादेश याच्याही पुढे गेला. आधी काँग्रेसने नेमलेले गव्हर्नर, सचिव आणि तीन न्यायाधीश; पाच हजार प्रौढ स्वतंत्र पुरुष झाले की निवडलेली विधानसभा; साठ हजार लोकवस्ती झाली की मूळ राज्यांच्या बरोबरीच्या दर्जाने संघात प्रवेश. त्या प्रदेशात गुलामगिरीला बंदी होती, मात्र पळून आलेल्या गुलामांना परत देण्याची तरतूदही त्याच कलमात होती. ओहायो, इंडियाना, इलिनॉय, मिशिगन आणि विस्कॉन्सिन ही राज्ये या प्रदेशातून उभी राहिली. वसाहत म्हणून सुरू झालेल्या प्रदेशाला ठरलेल्या पायऱ्यांनी बरोबरीचा दर्जा देणारा हा कायदा मरणपंथाला लागलेल्या काँग्रेसने केला. ही जमीन रिकामी नव्हती, हेही सांगितले पाहिजे. तेथे शॉनी, मायामी, डेलावेअर आदी लोक राहत होते. त्यांच्याशी सद्‌भावाने वागण्याचे वचन अध्यादेशातच आहे. ते पाळले गेले नाही आणि काही वर्षांतच त्या प्रदेशात युद्ध पेटले.

माझ्या मते या दोन बाजू शेजारी ठेवल्या की सारा उलगडा होतो. सभासद तेच, कलमे तीच, दारिद्र्य तेच. जिथे काम पार पाडायला राज्याच्या हाताची गरज होती, तिथे ते अडले. जिथे काँग्रेसजवळ स्वतःची जमीन, स्वतःचे मोजणीदार, स्वतःचे टपाल उत्पन्न होते, तिथे ते झाले, आणि चांगले झाले. १७८७ मध्ये माजी सैनिकी अधिकाऱ्यांच्या ओहायो कंपनीला मोठी जमीन विकताना तिच्या मोबदल्यात काँग्रेसने तीच जुनी कर्जपत्रे स्वीकारली. मागणीपत्रांनी न फिटणारे देणे जमिनीने थोडेफार फिटू लागले.

शेवट आणि सुरुवात

अडणाऱ्या कामांची यादी मात्र मोठी होती. ब्रिटिश सावकारांची कर्जे राज्यांची न्यायालये वसूल होऊ देत नव्हती. ते कारण दाखवून ब्रिटनने डेट्रॉइट आणि नायगारा येथील किल्ले सोडण्याचे नाकारले. तह काँग्रेसने केला होता, पाळायचा होता तेरा राज्यांनी. १७८६ मध्ये पश्चिम मॅसॅच्युसेट्समध्ये कर आणि कर्जवसुली यांनी गांजलेल्या शेतकऱ्यांनी न्यायालये बंद पाडली. त्यांच्या नेत्यांपैकी डॅनियल शेज हा त्याच युद्धात लढलेला कॅप्टन होता. २५ जानेवारी १७८७ रोजी ते स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारावर चालून गेले. शस्त्रागार काँग्रेसचे, पण राखण करायला काँग्रेसचे सैन्य नव्हते; राज्याच्या नागरी सेनेने ते वाचवले. उठाव मोडणारी फौज बोस्टनच्या धनिकांच्या वर्गणीतून उभी राहिली होती.

२१ फेब्रुवारी १७८७ रोजी काँग्रेसनेच फिलाडेल्फियाच्या परिषदेला मान्यता दिली. मे ते सप्टेंबर या काळात तयार झालेल्या नव्या घटनेने तेरांच्या एकमताची अट बाजूला सारून नऊ राज्यांची मंजुरी पुरेशी मानली. तिचा कणा एका गोष्टीत आहे. नवे सरकार राज्यांकडे मागणार नव्हते. ते नागरिकाशी थेट व्यवहार करणार होते, स्वतःच्या कराने, स्वतःच्या अधिकाऱ्याने आणि स्वतःच्या न्यायालयाने. ४ जुलै १७८९ रोजी आयात जकातीचा कायदा झाला. आठ वर्षांच्या मिनतवाऱ्यांनी जे मिळाले नव्हते ते नव्या व्यवस्थेत दोन-तीन महिन्यांत झाले. माणसे पुष्कळशी जुनीच होती. युद्धखात्याचे हेन्री नॉक्स त्याच जागी राहिले, परराष्ट्र खात्याचे जॉन जे काही काळ काम पाहत राहिले आणि वायव्य अध्यादेश नव्या काँग्रेसने पुन्हा संमत केला. वॉशिंग्टन यांना निवडीची वार्ता द्यायला एप्रिल १७८९ मध्ये माउंट व्हर्ननला गेले ते जुने सचिव थॉमसन. जुलैत त्यांनी दप्तर आणि राजमुद्रा सुपूर्द करून निरोप घेतला.

आपल्या देशाशी या इतिहासाचा संबंध ओढूनताणून आणण्याची आवश्यकता नाही. १९१९ च्या सुधारणांनंतर प्रांतांनी केंद्राला वर्षाला ९८३ लाख रुपये द्यावेत, अशी व्यवस्था मेस्टन समितीच्या शिफारशीनुसार आपल्याकडेही करून पाहण्यात आली. केंद्र ब्रिटिशांचे असल्याने नकार देण्याची सोय प्रांतांना नव्हती, तरी तक्रारी इतक्या झाल्या की ते दशक संपण्यापूर्वी ती बंद करावी लागली. प्रांतिक अर्थव्यवस्थेचा सखोल अभ्यास केलेले आणि त्यावर १९२५ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर पुढे मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीपुढे त्यांनी स्पष्ट केले, की भारताचा संघ हा घटक राज्यांनी आपसांत केलेल्या कराराचे फळ नाही, आणि म्हणून कोणत्याही राज्याला त्यातून बाहेर पडण्याचा अधिकार नाही. या संदर्भात त्यांनी अमेरिकेतील यादवी युद्धाचीही आठवण दिली. करांच्या वाटणीसाठी आपल्या घटनेने वित्त आयोगाची तरतूद केली. राज्यांच्या मर्जीवर केंद्र किंवा केंद्राच्या मर्जीवर राज्ये अवलंबून राहू नयेत, हा त्यामागचा हेतू. व्यवहारात तो किती साधला, याविषयी मतभेद आहेत आणि ते असणारच.

शेवटी एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. या कहाणीतून केंद्र बलाढ्य असावे एवढाच धडा काढणारे पुष्कळ भेटतात. मला त्यात दुसरे काही दिसते. जबाबदारी एकाकडे आणि साधने दुसऱ्याकडे अशी वाटणी कोणत्याही पातळीवर झाली, तरी परिणाम तोच होतो. ज्या नगरपालिकेवर पाणी, गटारे आणि शाळा यांची कर्तव्ये कायद्याने लादली आहेत पण निधीसाठी जिला वर बघत बसावे लागते, ज्या ग्रामपंचायतीला योजना राबवायच्या आहेत पण कर्मचारी दिलेला नाही, तिची अवस्था १७८३ च्या त्या काँग्रेसहून फार निराळी नसते. ठराव होतात, इतिवृत्त नीट लिहिले जाते, मागणीपत्रे वेळेवर रवाना होतात. मग कोणीतरी माणूस थकलेल्या वेतनाचा कागद हाती घेऊन घरी जातो आणि पोट भरण्यासाठी तो मिळेल त्या भावाने विकतो. सरकारच्या दुबळेपणाचा हिशेब मांडायचा तर त्या माणसापासून सुरुवात करावी, असे मला वाटते.